रिपोर्टाआधीची तपासणी

माझ्या अंगात एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) आहे का, हा प्रश्न घेऊन एखादा पुरुष पेणच्या किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात आला, तर त्याला द्यायचं पहिलं उत्तर त्याची निराशा करणारं आहे. पुरुषांसाठी मान्यता मिळालेली, रोजच्या वापरातली अशी तपासणीच नाही. मुंबईला गेला तरी नाही. अमेरिकेच्या औषध नियामकांनी मान्य केलेल्या एचपीव्ही चाचण्यासुद्धा स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठीच आहेत. मग ज्याची तपासणी नाही त्याच्या निदानावर ही हस्तपुस्तिका कशाला, असं कोणी विचारेल. माझं म्हणणं असं की तपासणी नाही म्हणूनच ही पुस्तिका हवी. यंत्र हाताशी नसलं की डॉक्टरला डोळे, बोटं आणि जीभ वापरावी लागते, आणि पुरुषाच्या बाबतीत नेमकं तेच आपण टाळत आलो आहोत.

हा प्रश्न विचारणारे सगळे एकाच वाटेनं येत नाहीत. कोणाला आंघोळ करताना हाताला खरखरीत काही लागलेलं असतं. कोणाच्या बायकोचा गर्भाशयमुख तपासणीच्या शिबिरातला रिपोर्ट पॉझिटिव्ह आलेला असतो आणि घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललेलं नसतं. कोणाला काहीच झालेलं नसतं, फक्त रात्री मोबाइलवर नको तितकं वाचून झालेलं असतं. तिघांनाही हवा असतो कागद. ‘डॉक्टर, रक्ताची टेस्ट लिहून द्या ना,’ हे वाक्य तिघांच्याही तोंडी असतं. आणि रक्तात या विषाणूचा पत्ता लागत नाही. तो त्वचेच्या आणि आतल्या नाजूक अस्तराच्या पेशींत राहतो, तिथेच वाढतो आणि झडणाऱ्या पेशींबरोबर बाहेर पडतो. रक्तातून फिरण्याची त्याला गरज पडत नाही. प्रतिपिंडं तपासावीत म्हटलं, तर संसर्ग होऊन गेलेल्या बहुतेक पुरुषांच्या रक्तात ती तयारच होत नाहीत.

या विषाणूचे २०० हून अधिक प्रकार माहीत आहेत. त्यांतले सुमारे ४० जननेंद्रियांच्या भागात आढळतात. तिथल्या चामखिळींपैकी दहातल्या नऊ ६ आणि ११ या प्रकारांमुळे येतात आणि हे दोन्ही कर्करोगाच्या वाटेला जवळजवळ जातच नाहीत. कर्करोगाचे मुख्य आरोपी १६ आणि १८. जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझन यांच्या गटानं १९८३ आणि १९८४ मध्ये ते गर्भाशयमुखाच्या गाठींतून वेगळे काढले. त्याबद्दल त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. चामखीळ दिसली म्हणून कर्करोग होणार, ही भीती म्हणूनच बहुतांशी चुकीच्या पत्त्यावर आलेली असते. उलट घातक प्रकार बहुधा डोळ्यांना काहीच न दाखवता अंगात राहून निघूनही जातात. रुग्णाला हे पटवायला वेळ लागतो. जे दिसतंय ते फारसं घातक नाही आणि जे घातक ते दिसत नाही, हे ऐकून कोणाचं समाधान होईल?

संशोधक पुरुषांवर ही चाचणी करतात, हे खरं आहे. कशी करतात ते पाहिलं की ती दवाखान्यात का आली नाही हे कळतं. लघवीत आणि वीर्यात विषाणू भरवशानं सापडत नाही. म्हणून ओल्या बोळ्यानं शिश्नाचं टोक व त्यामागची खाच, दांडा आणि वृषणाची पिशवी अशा तीन जागा घासून नमुना घ्यावा लागतो. पुरुषाची बाहेरची कातडी कोरडी आणि जाड, पेशी सहजी सुटत नाहीत. काही अभ्यासांत आधी त्यावरून अगदी बारीक एमरी पेपर फिरवला गेला. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्तीवरून पॉलिश पेपर फिरवतात, त्याच जातीचा, फक्त कितीतरी मऊ. एवढं करून हाती काय आलं? ब्राझील, मेक्सिको आणि अमेरिका या तीन देशांतल्या पुरुषांचा ॲना जुलियानो यांच्या गटानं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ‘लॅन्सेट’मध्ये २०११ साली आलेल्या त्यांच्या निबंधात १८ ते ७० वयाचे ११५९ पुरुष होते. त्यांतल्या निम्म्यांत कुठला ना कुठला एचपीव्ही सापडला. सापडलेल्या संसर्गांपैकी निम्मे साधारण साडेसात महिन्यांत आपोआप गेले. २०२३ मध्ये जगभरातल्या अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली, तेव्हा पंधरा वर्षांवरच्या दर तीन पुरुषांत एकाजवळ हा विषाणू आणि दर पाचांत एकाजवळ घातक प्रकार, असं चित्र निघालं.

आता या आकड्यांसमोर एका माणसाचा रिपोर्ट ठेवा. पॉझिटिव्ह आला, तर तो जगातल्या एक तृतीयांश पुरुषांत बसला. त्याला देण्यासाठी विषाणूवरचं औषध नाही आणि पुढं कुठे पाहायचं हेही त्या कागदावर लिहिलेलं नसतं. निगेटिव्ह आला, तर एक तर विषाणू नव्हता, नाही तर बोळा नीट फिरला नाही, नाही तर गेल्या महिन्यातच तो निघून गेला. दोन्ही कागद सारख्याच किमतीचे. असा कागद विकत घ्यायला सांगणं हा मी फसवणुकीचाच प्रकार समजतो, मग तो कितीही चकचकीत लेटरहेडवर छापलेला असो.

बायकांच्या बाबतीत मात्र याच चाचणीनं जीव वाचवले, आणि ते सिद्ध झालं आपल्याच राज्यात. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ गट पाडले, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. काही गटांत एचपीव्ही चाचणी, काहींत पॅप स्मिअर, काहींत व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं, आणि काहींत नेहमीचीच सेवा. चाचणी आयुष्यात एकदाच. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये डॉ. आर. शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष छापले. एचपीव्ही चाचणीच्या गटात पुढच्या टप्प्यातला कर्करोग आणि त्यानं होणारे मृत्यू, दोन्ही जवळपास निम्म्यावर आले होते. बाकी दोन पद्धतींनी त्या अभ्यासात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

तीच चाचणी, तोच विषाणू, मग पुरुषाला का नाही? कारण गर्भाशयमुखावर एक ठरावीक पट्टा आहे, जिथे हा विषाणू ठाण मांडतो. तिथे कर्करोगाआधीचे बदल अनेक वर्षं टिकतात, दुर्बिणीतून दिसतात आणि दवाखान्यातच काढून टाकता येतात. चाचणी पॉझिटिव्ह आली की पुढं काय करायचं हे ठरलेलं आहे. पुरुषाच्या कातडीवर असा पट्टा नाही. घातक प्रकार आढळलेल्या हजार पुरुषांना बोलावून आपण कुठे, किती दिवस आणि काय शोधणार? शिश्नाचा कर्करोग दुर्मीळ आहे आणि त्यातलेही जवळपास निम्मेच या विषाणूशी जोडलेले आहेत. एचआयव्हीसह जगणारे, पुरुषांशी संबंध असणारे पुरुष हा एक खरा अपवाद. त्यांच्यात गुदद्वाराच्या कर्करोगाचा धोका बराच जास्त असतो. तिथले आधीचे बदल शोधून काढून टाकले तर हा कर्करोग ५७ टक्क्यांनी घटतो, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत दिसलं. त्यासाठी लागणारं कसब आपल्या रायगड जिल्ह्यात अजून रुजायचं आहे.

२०२५ मध्ये दोन देशी एचपीव्ही चाचण्या सरकारी पडताळणीतून पार पडल्या. एक पुण्याच्या कंपनीची, दुसरी गोव्याच्या. गोव्याची चाचणी क्षयरोगासाठी सरकारी रुग्णालयांत रुळलेल्या ट्रूनॅट यंत्रावर चालते. उद्या ती रोह्यापर्यंत आली तर कोणी उत्साही माणूस म्हणणारच, यंत्र रिकामंच आहे, पुरुषाचा नमुना घालून बघू. यंत्र तक्रार करणार नाही, उत्तरही छापून देईल. ती पडताळणी गर्भाशयमुखासाठी झाली आहे, हे यंत्राला माहीत नसतं.

तर मग पुरुषाचं निदान कसं करायचं? नीट पाहून. हे वाचून तरुण डॉक्टर हसतील, पण या पुस्तिकेचं सर्वांत लांब प्रकरण याच कामावर आहे आणि ते तसंच असायला हवं होतं. पुरुषाला टेबलावर झोपवून, चांगल्या उजेडात, पूर्ण कपडे उतरवून पाहणारे दवाखाने किती? बहुतेक वेळा रुग्ण उभ्यानंच पँट थोडी खाली करतो, डॉक्टर खुर्चीतूनच नजर टाकतात आणि चिठ्ठी लिहिली जाते. पुढची कातडी मागे घेतलीच जात नाही. चामखिळी बहुधा तिथेच, आतल्या ओलसर बाजूला, खाचेत आणि खालच्या दोरीपाशी असतात. मूत्रमार्गाचं तोंड दोन बोटांनी उघडून पाहायचं. कान तपासायच्या ऑटोस्कोपनं तिथे चांगलं दिसतं. वृषण उचलून मागची बाजू, जांघा, गुदद्वाराभोवतीची कातडी पाहायची. गुदद्वाराशी चामखीळ असली म्हणजे तसे संबंध आलेच असतील असं नाही, तेव्हा चेहऱ्यावर आश्चर्य आणायचं नाही. जांघेतल्या गाठी चाचपायच्या. कातडी मागे जातच नसेल तर ती स्वतःच एक नोंद आहे, आणि आत कडक काही लागत असेल तर त्या माणसाला ट्यूब देऊन घरी पाठवणं हा गुन्हा आहे.

पाहताना फसायच्या जागा बऱ्याच आहेत. शिश्नाच्या टोकाच्या कडेनं ओळीनं बारीक मोत्यासारखे दाणे अनेक तरुणांना असतात. ते नैसर्गिक आहेत, त्यांना हातही लावायचा नाही. लग्न ठरलेल्या मुलांची सर्वांत जास्त झोप उडवतात ते हेच दाणे, आणि ते ‘जाळून’ देणारे लोक लॉजवर मुक्कामाला येतात. अमुक तारखेला भेटतील, अशी त्यांची जाहिरात एसटी स्टँडच्या भिंतीवर असते. मध्ये खळगा असलेले गुळगुळीत दाणे वेगळ्याच विषाणूचे. सर्वांत महत्त्वाची गफलत उपदंशाची, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या बोलीतल्या गरमीची. तिच्या दुसऱ्या टप्प्यात जांघेत आणि गुदद्वाराशी ओलसर, सपाट चट्टे येतात आणि ते हुबेहूब चामखिळीसारखे वाटतात. एचपीव्हीसाठी रक्ततपासणी नसली तरी त्या माणसाचं रक्त घ्यायचंच, ते व्हीडीआरएलसाठी आणि एचआयव्हीसाठी. एचआयव्हीची तपासणी सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात (आयसीटीसी) मोफत होते. खूप मोठ्या, पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या चामखिळींमागे एचआयव्ही असू शकतो.

आपल्या हवेची एक अडचण यात मिसळते. पावसाळ्यात आणि त्यानंतरही दमट उष्म्यानं जांघेतल्या गजकर्णाचे रुग्ण किती येतात हे कोकणातल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. रोह्याजवळच्या धाटावच्या एमआयडीसीत घामेजल्या कपड्यांत बारा तास काढणारा कामगार आधी मेडिकलमधून ट्यूब घेतो. तिच्यात बुरशीच्या औषधासोबत जबरदस्त स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, कातडी पातळ होते आणि तिथली प्रतिकारशक्ती झोपी जाते. अशा कातडीवर चामखिळी फोफावतात आणि गजकर्णाचं मूळ रूपही ओळखू येईनासं होतं. म्हणून ‘काय काय लावलंत?’ हा प्रश्न ‘कोणाकडे गेला होतात?’ याच्या आधी विचारावा, असं माझं मत आहे. चुना लावलेला असू शकतो, घोड्याच्या शेपटीचा केस बांधलेला असू शकतो. रागवू नये. रागावलं की पुढचं सगळं खोटं सांगितलं जातं.

व्हिनेगर लावून पाहण्याचा मोह होतो, कारण शिबिरातून ते सगळ्यांच्या परिचयाचं झालं आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावी शिकलेल्या सेविकांनी दीड लाखावर स्त्रियांच्या अभ्यासात ते वापरलं आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पुरुषाच्या कातडीवर मात्र खरचटलेलं, बुरशीनं सोललेलं, घासलं गेलेलं सगळंच त्यानं पांढरं होतं. पांढरं दिसलं म्हणून जाळलं, असे बळी मी पाहिले आहेत.

डोळ्यांनी ठरत नसेल तर तुकडा काढून तपासायचा. डाग काळपट असेल, रक्त येत असेल, व्रण पडला असेल, बुडाशी कडक लागत असेल, औषधाला दाद देत नसेल किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर थांबू नये. शिश्नाच्या कर्करोगाचा आपल्याकडचा इतिहास जुना आहे. टाटा स्मारक रुग्णालयातले डॉ. जे. सी. पेमास्टर आणि पी. गंगाधरन यांनी १९६७ मध्येच भारतातल्या या कर्करोगावर निबंध लिहिला. लहानपणी सुंता होणाऱ्या समाजांत तो फार क्वचित आढळतो, हे त्या काळापासून ठाऊक आहे. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या नोंदींत शिश्नाचा कर्करोग मुंबईच्या मानानं जास्त निघाला. विषाणू, तंबाखू, मागे न जाणारी कातडी आणि तिच्याखाली साचणारा मळ, अशी त्याची कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. तुकड्यावर पी१६ नावाची रंगतपासणी केली की विषाणूचा हात होता का, याचा अंदाज येतो. त्यासाठी मुंबईत परळचं टाटा रुग्णालय गाठायलाच हवं असं नाही. टाटांचं खारघरचं केंद्र आपल्याच जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात आहे.

सरकारी व्यवस्थेत या रुग्णाला जागा कुठे आहे? सुरक्षा क्लिनिकमध्ये गुप्तरोगांसाठी सात रंगांचे औषधसंच असतात: करडा, हिरवा, पांढरा, निळा, लाल, पिवळा आणि काळा. स्रावाला एक, व्रणाला एक, जांघेतल्या गाठीला एक. चामखिळीला रंग नाही. ती हातानं, पोडोफायलिन किंवा ॲसिड लावून, गोठवून अथवा जाळून घालवावी लागते, म्हणजे कोणीतरी वेळ द्यावा लागतो. असांसर्गिक आजारांच्या सरकारी तपासणीत तिशीपुढच्या पुरुषाचं तोंड पाहिलं जातं, खालचं कोणी पाहत नाही. तोंड पाहणं योग्यच आहे. घशाच्या कर्करोगात पाश्चात्त्य देशांत एचपीव्हीचा मोठा वाटा आहे, आपल्याकडे अजून तंबाखूचंच राज्य आहे, म्हणून या पुस्तिकेत घशावर चारच पानं आहेत.

शिवाय माणूस आपल्या गावच्या केसपेपरवर नाव लिहायला तयार नसतो. रोह्याचा माणूस दिवा गाडीत बसून पनवेलला उतरतो. पेणचा अलिबागला जातो. केसपेपर काढणारी मावसबहिणीची जाऊ निघेल, ही धास्ती काल्पनिक नाही. दुखत नसलेल्या आजाराला थांबता येतं, आणि पेणजवळच्या हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतला कारागीर गणपतीचा हंगाम उरकेपर्यंत थांबतोच. दोन्ही रुग्णालयांत पुरुषांसाठी पडदा, दार लागणारी खोली आणि ठरलेला वार एवढं झालं, तरी कुठल्याही नव्या यंत्रापेक्षा अधिक निदानं होतील.

निदानानंतर पहिला प्रश्न औषधाचा येत नाही. ‘हे कुठून आलं?’ हा येतो. बायकोला वेगळा, नवऱ्याला वेगळा. १९५४ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी लिहिलं की कोरियाच्या युद्धावरून चामखिळी घेऊन परतलेल्या सैनिकांच्या बायकांना चार ते सहा आठवड्यांत तशाच चामखिळी आल्या. संबंधांतून हा आजार पसरतो हे त्यावरून पक्कं झालं. पण उलट्या दिशेनं हिशेब लागत नाही. विषाणू आल्यानंतर चामखीळ तीन आठवड्यांत येऊ शकते, आठ महिन्यांनी येऊ शकते, कधी वर्षांनी. बायकोचा आजचा पॉझिटिव्ह रिपोर्ट लग्नाआधीच्या संसर्गाचा असू शकतो, तिच्या किंवा त्याच्या. समुपदेशकानं हे दोघांसमोर सांगावं आणि तारखा जुळवायला बसू नये. विषाणू सोसायचा दोघांनी आणि कर्करोगाचा मोठा बोजा तिच्या वाट्याला, हा निसर्गाचा अन्याय आहे. सुंता न झालेल्या पुरुषांत हा विषाणू सुमारे २० टक्क्यांत आणि झालेल्यांत साडेपाच टक्क्यांत सापडला, असं पाच देशांतल्या जोडप्यांच्या २००२ च्या अभ्यासात दिसलं. त्याच्या कातडीचा तिच्या गर्भाशयमुखाशी इतका थेट संबंध आहे. म्हणून चामखीळ घेऊन आलेल्या नवऱ्याच्या केसपेपरवर शेवटची ओळ बायकोबद्दल असावी: वय तिशीपुढं आहे का, गर्भाशयमुखाची तपासणी झाली आहे का. तो बाहेर थांबलेल्या बायकोला आत बोलवायला तयार नसेल, तर चिठ्ठी त्याच्या हाती द्यावी.

लसीबद्दल थोडक्यात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लस ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांवर आहे आणि ९ ते २६ वयाच्या मुलींबरोबर मुलग्यांसाठीही मान्य आहे. ऑस्ट्रेलियानं २०१३ पासून मुलग्यांना शाळेतच एचपीव्हीची लस द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाचा उल्लेख झाला, मुलग्यांसाठी अजून खिशातून पैसे द्यावे लागतात. लस घेण्याआधी विषाणू आहे का हे तपासायची गरज नाही आणि असलेली चामखीळ लसीनं जात नाही. ही दोन वाक्यं आशाताईंना पाठ असली की पुष्कळ झालं.

पुस्तिका वापरण्याबद्दल एक सूचना. तपासणीचं तिसरं प्रकरण आधी वाचावं, विषाणूची माहिती नंतर वाचली तरी चालेल. रंगीत छायाचित्रं मुद्दाम वेगळ्या पाकिटात दिली आहेत. ही पुस्तिका आशाताईंच्या पिशवीतून घरोघरी फिरणार आहे, आणि पाकीट दवाखान्याच्या कपाटात राहील.